तीन कादंबऱ्या, एक अनुक्रमणिका

प्रश्न : हरि नारायण आपट्यांच्या तीन कादंबऱ्या जोडून एक ईपब केलं. अनुक्रमणिकेत ‘प्रकरण १’ तीनदा दिसतं. ‘उषःकाल’चं कुठलं ते कळत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : अनुक्रमणिका दोन पातळ्यांची करा : वर कादंबरीचं नाव, खाली तिची प्रकरणं. ‘कॅलिबर’ या मोफत सॉफ्टवेअरचं ‘ईपबमर्ज’ प्लगइन पुस्तकं जोडतानाच प्रत्येकाच्या नावाची नोंद घालतं. जोडणी झालीच असेल, तर ‘एडिट बुक’मध्ये नावांना एच१ आणि प्रकरणांना एच२ टॅग देऊन मुख्य मथळ्यांवरून अनुक्रमणिका बनवा. अक्षरं नुसती ठळक केली तर तो मथळा धरला जात नाही. बहुतेकांचं इथेच अडतं. आपटे १९१९ साली गेले, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही. फाइल मोबाइलवर उघडून प्रत्येक नोंद दाबून पाहा.