‘इतकी वर्षे गप्प का होतास?’

फुटबॉल हा आमच्या कोल्हापूर भागाचा जुना शौक. पेठापेठांच्या संघांमागे घरेच्या घरे वेडी आहेत, आणि आता तर रात्री जागून इंग्लंडमधले सामने पाहणारी मुलेही कमी नाहीत. या मुलांना डेले अली हे नाव सांगावे लागणार नाही. इतर वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो, कारण आजचा विषय त्याच्यावरूनच निघाला आहे.

डेले अलीचा जन्म १९९६ सालचा, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावचा. सोळाव्या वर्षी तो तिथल्याच व्यावसायिक संघातून खेळू लागला. २०१५ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम या बड्या क्लबने त्याला घेतले आणि पुढे लागोपाठ दोन हंगाम तो इंग्लंडमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. २०१८ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात त्याने डोक्याने मारलेला गोल अनेकांना आठवत असेल. वय वर्षे बावीस. त्यानंतर मात्र त्याचा खेळ उतरत गेला. लोकांनी निदान करून टाकले : पैसा डोक्यात गेला, मौजमजा वाढली, मेहनत नको झाली. होझे मोरिन्यो या नामांकित प्रशिक्षकाने त्याला आळशी म्हटले, ते कॅमेऱ्यापुढे, आणि २०२० मधल्या एका माहितीपट मालिकेतून ते जगभर दिसले. अलीच्या सांगण्यानुसार आठवडाभराने मोरिन्योने त्याची माफी मागितली होती. पण ती दोघांतच, आणि मालिकेत ती आली नाही. ठपका चव्हाट्यावर आणि माफी बंद दाराआड, हा प्रकार आपल्याकडच्या घरांतही मी पुष्कळ पाहतो.

१३ जुलै २०२३ रोजी माजी फुटबॉलपटू गॅरी नेव्हिल याने घेतलेली अलीची मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत त्याने सांगितले ते असे. आई दारूच्या आहारी गेलेली. तो सहा वर्षांचा असताना घरी नेहमी येणाऱ्या, आईच्या ओळखीच्या व्यक्तीने त्याच्यावर लैंगिक अत्याचार केला. पुढे शिस्त लागावी म्हणून त्याला आफ्रिकेत पाठवले आणि परत आणले. सातव्या वर्षी सिगारेट. आठव्या वर्षी अमली पदार्थ पोचवण्याचे काम, कारण सायकलवरच्या पोराला पोलीस अडवत नाहीत, असे कोणा मोठ्याने त्याला सांगितलेले. बाराव्या वर्षी एका कुटुंबाने त्याला आपल्यात घेतले, आणि या लोकांबद्दल तो फार कृतज्ञतेने बोलतो. मोठेपणी झोपेच्या गोळ्यांचे व्यसन लागले. त्यासाठी अमेरिकेतल्या केंद्रात सहा आठवडे राहून तो नुकताच बाहेर आला होता. खरे म्हणजे त्याला इतक्यात बोलायचे नव्हते. पण वर्तमानपत्रांना कुणकुण लागली होती, चौकश्या सुरू झाल्या होत्या. तेव्हा दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगावे, असे त्याने ठरवले.

यानंतर लोकांची भाषा एका दिवसात पालटली. जुने सहकारी, त्याचा क्लब, आधीचा क्लब, राजपुत्र विल्यम, सर्वांनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले. ऐकताना नेव्हिलही गहिवरला होता. हे चांगलेच झाले. पण अशी बातमी आली की कौतुकाच्या मागोमाग तीन प्रश्न हमखास येतात, आणि ते इंग्लंडात जसे येतात तसे आपल्या पारावरही येतात. इतकी वर्षे गप्प का होता? मुलग्याला असे कधी होते का? आणि एवढा पैसा मिळाल्यावर कसले आले दुःख? विचारणारे दुष्ट नसतात, पण हे प्रश्न शेजारच्या खोलीत बसलेले एखादे मूलही ऐकत असते. आपण सांगितले तर आपल्यालाही हेच विचारतील, हे त्याला तिथेच कळून चुकते.

पहिला प्रश्न घेऊ. सहा वर्षांच्या मुलाजवळ या गोष्टीला शब्दच नसतात. काहीतरी वाईट झाले एवढे कळते, आणि ते आपल्यामुळे झाले असे वाटते, कारण त्या वयात मूल घरातल्या प्रत्येक गोष्टीचे कारण स्वतःलाच समजते. त्यात करणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो, खाऊ आणणारा, आईवडिलांच्या बैठकीतला. त्याच्याविरुद्ध बोलायचे तर कोणापाशी? मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि ती स्पष्ट लिहायला हवी. स्पर्श झाला की शरीर आपोआप प्रतिसाद देते, गुदगुल्या केल्यावर नको असतानाही हसू यावे तसे. त्याचा इच्छेशी संबंध नसतो. पण मुलाला वाटते, म्हणजे मलाही ते हवे होते की काय? या एका गैरसमजापायी माणसे चाळीस-चाळीस वर्षे तोंड उघडत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला आपल्याच देशातली आकडेवारी पुरेशी आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी करून २००७ साली अहवाल प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्याबाबत कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक गैरवर्तन झाल्याचे सांगितले. यात अश्लील चित्रे दाखवण्यापासून गंभीर अत्याचारापर्यंत सर्व प्रकार धरले होते, हे लक्षात घ्यावे. पण असे सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. आपण मुलीला एकटी सोडत नाही आणि मुलग्याला कोणाबरोबरही मुक्कामाला धाडतो.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्येच याचा मोठा दाखला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने, लहानपणी बॅरी बेनेल या प्रशिक्षकाने आपल्यावर अत्याचार केल्याचे स्वतःच्या नावानिशी ‘गार्डियन’ वृत्तपत्राला सांगितले. घाबरून जाण्याच्या झटक्यांमुळे वुडवर्डची कारकीर्द २९ व्या वर्षीच संपली होती, आणि हे सांगितले तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्याच्या मागोमाग एकेक खेळाडू पुढे येऊ लागला. बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने खास दूरध्वनी सेवा सुरू केली, तर पहिल्याच आठवड्यात ८६० फोन आले. २०१८ मध्ये न्यायालयाने बेनेलला जन्माची अद्दल घडेल अशी शिक्षा दिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात पीडितांची संख्या किमान ६९२ आणि संशयितांची २४० दिली आहे. ही माणसे इतकी वर्षे कुठे होती, असा प्रश्न तेव्हाही निघाला. ती तिथेच होती. आपल्या आधी बोललेल्याला लोक काय म्हणतात, हे पाहत होती.

आता पैशाचे. धोका दिसला की आपले शरीर क्षणात तयारी करते : छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, झोप उडते. ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल या स्रावांचे हे काम. संकट सरले की यंत्रणा शांत व्हायला हवी. पण ज्या मुलाला घरातच भीती असते त्याची यंत्रणा पुरती शांत होतच नाही. शरीराला वाढीच्या वयातच सावध राहण्याची सवय लागते आणि बँकेत कितीही रक्कम पडली तरी ती आपोआप जात नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथे डॉ. फेलिटी व डॉ. आंडा यांनी साडेनऊ हजार प्रौढांना बालपणीच्या आघातांविषयी विचारून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या वाट्याला चार वा अधिक प्रकारचे आघात आले होते, त्यांच्यात दारू, अमली पदार्थ, औदासीन्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही जास्त होते. (गंमत अशी की डॉ. फेलिटी मुळात लठ्ठपणावर उपचार करीत. वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच मध्येच का पळतात, याचा शोध घेताना त्यांना हे सापडले.) याचा अर्थ आघात झालेला प्रत्येक जण बिघडतो असा मुळीच नाही. एखादे विश्वासाचे मोठे माणूस मिळाले तर मुले विलक्षण सावरतात. अलीला असे माणूस बाराव्या वर्षी मिळाले, म्हणून तो निदान मैदानापर्यंत पोचला.

मुलाने उद्या तुमच्यापाशी येऊन असे काही सांगितले तर काय करावे? आधी बसा. ‘बरे केलेस सांगितलेस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही’, एवढे बोला. मग ते सांगेल तेवढेच ऐका. कसे, किती वेळा, तू ओरडला का नाहीस, अशी उलटतपासणी करू नका. आजी, काका, मामा यांच्यापुढे पुन्हा पुन्हा वदवून तर मुळीच घेऊ नका. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याआधी आणि कपडे धुण्याआधी सरकारी रुग्णालयात न्या. काही संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आतच द्यावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. आधी पोलिसांत तक्रार नोंदवलेली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत.

२०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि मुलींना सारखाच लागू आहे. अशी घटना कळलेल्या कोणीही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. डॉक्टर, शिक्षक, नातेवाईक, कोणीही. मुलाचा जबाब घरी घेता येतो आणि तो घेताना पोलिसाने गणवेशात असू नये असा नियम आहे. मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. घराण्याची अब्रू जाईल म्हणून प्रकरण भावकीत मिटवणारे पुष्कळ असतात. ज्या काकाला फक्त ‘समज’ देऊन सोडले जाते, तो पुढच्या लग्नकार्याला त्याच मुलांत येऊन बसतो. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

मोठ्या वयाच्या माणसांची गोष्ट निराळी. ती दवाखान्यात येतात ती छातीत धडधडते, पोटाचे काही ठीक नाही, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन, आणि शेवटी गोळी मागतात. झोपेची गोळी थोड्या दिवसांसाठी उपयोगी आहे. पण काही आठवड्यांत शरीर तिला सरावते, एकीच्या दोन होतात, आणि गोळी झोपेसाठी न राहता दिवस बधिर करण्यासाठी घेतली जाऊ लागते. अलीनेही नेमके हेच सांगितले. चिठ्ठीशिवाय या गोळ्या विकायला मनाई आहे, तरी त्या कशा मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. आणि ज्यांची सवय जुनी आहे त्यांनी हे वाचून आज एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. मानसोपचाराचा तज्ज्ञ जवळ नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येते.

उपचार झाला म्हणजे सारे पूर्ववत झाले, असे मात्र कोणी धरू नये. जानेवारी २०२५ मध्ये अलीला इटलीच्या कोमो क्लबने घेतले. मार्चमध्ये, दोन वर्षांच्या खंडानंतर, तो मिलानविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि थोड्याच मिनिटांत लाल कार्ड मिळून बाहेर गेला. ज्यांनी दीड वर्षापूर्वी त्याच्या धैर्याचे गोडवे गायले होते, त्या जगात त्याची टिंगल व्हायला एक रात्रही लागली नाही. सप्टेंबरमध्ये त्याने तो क्लबही सोडला. यात उपचार फसला असे मला दिसत नाही. खेळ जमणे आणि रात्री गोळीवाचून झोप लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या घरी असा कोणी उपचार घेऊन परतला असेल तर ‘आता बरे वाटते ना?’ हे रोज विचारू नका. त्याला जेवायला बोलवा, संध्याकाळी बरोबर फिरायला न्या, पुढच्या तपासणीची तारीख तेवढी लक्षात ठेवा, आणि तो म्हणाला तर सोबत जा.