गाय आटवताय? साठ दिवसांचा खर्च आणि खबरदारी

गाय विण्याच्या साठ दिवस आधी दूध काढणं बंद करा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे दारात गिऱ्हाईक उभं असतं, म्हणून शेवटपर्यंत धार काढायचा मोह होतो. आधी हिशेब पाहा. आटत आलेली गाय रोज तीन लिटर देत असेल, तर दोन महिन्यांत १८० लिटर दूध मिळतं. पण विश्रांती न मिळालेल्या गाईचं पुढच्या वेताचं दूध साधारण पाव हिस्स्याने घटतं. वेताला २,४०० लिटर देणारी गाय असेल, तर हा तोटा ६०० लिटरचा. शिवाय वासराला चीक पातळ मिळतो, तो वेगळाच.

तारीख कशी काढायची?

रेतनाची चिठ्ठी जपून ठेवा. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हशीचा ३१०. गाईला १ ऑक्टोबरला रेतन झालं असेल तर ती ८ जुलैच्या आसपास विते, आटवायची तारीख ९ मे आणि खुराक वाढवायचे शेवटचे तीन आठवडे १७ जूनपासून. म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. पेंढा, खुराक आणि औषधं मे महिन्यातच गोठ्यात आणून ठेवा. चिठ्ठी हरवली असेल तर पशुवैद्यकांकडून गर्भतपासणी करून अंदाज घ्या.

आटवायचं कसं?

आधी खुराक कमी करा, मग हिरवा चारा. आठवडाभर एकच वेळ धार काढा आणि ठरलेल्या दिवशी पूर्ण थांबा. पाणी कधीही तोडू नका. शेवटच्या धारेनंतर प्रत्येक सड स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि आटवणीची ट्यूब भरा, एका सडाला एक. नंतर तीन-चार दिवस कास फुगलेली दिसेल. घाबरून पिळू नका, पिळलं की दूध पुन्हा उतरतं. कास गरम, कडक झाली किंवा ताप आला, तरच डॉक्टरांना बोलवा.

ट्यूब प्रतिजैविकाची असते, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. वेष्टणावर किती दिवस दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं. गाय तारखेआधी व्याली तर ते दिवस भरेपर्यंत दूध विकू नका. गोठ्यात कोकण कपिला किंवा कमी दुधाची गावठी गाय असेल आणि ती आपसूक आटत असेल, तर ट्यूबची गरज बहुधा पडत नाही. डॉक्टरांकडून कास तपासून घ्या आणि तो पैसा वाचवा.

रोज काय घालायचं?

सुमारे ४०० किलोच्या संकरित गाईला रोज ५ किलो भाताचा पेंढा, १५ किलो हिरवा चारा, दीड किलो खुराक आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण पुरतं. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू २ वरून ३ किलोवर न्या. पोटातलं वासरू याच काळात झपाट्याने वाढतं. गाय फार लठ्ठही नको. शेवटच्या दोन-तीन बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांत भरू नयेत. लठ्ठ गाय व्याल्यावर खाणं सोडते आणि अंगावरची चरबी तिच्या यकृतावर येते.

नुसत्या पेंढ्यावर गाय ठेवू नका. त्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के असतात. बांधावरचा गिरिपुष्प किंवा सुबाभूळ थोडा थोडा कापून घाला, पाणथळ जागेत पॅरा गवत लावा. पावसात बुरसटलेला पेंढा आणि काळी पडलेली पेंड फेकून द्या, बुरशीचं विष गर्भालाही भोवतं. हॉटेलातला उरलेला भात किंवा पाव फुकट मिळाला तरी टोपलीभर घालू नका. पोटात आम्ल वाढून गाय बसते.

खारेपाटात, विशेषतः पेण-अलिबागच्या पट्ट्यात, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. तसं असेल तर शेवटच्या तीन आठवड्यांत वेगळं मीठ देऊ नका, कासेवरची सूज वाढते. रोज ४० ते ६० लिटर गोडं पाणी लागेल, टँकरचा खर्च आधीच धरून ठेवा.

एकूण किती लागतील?

हिशेबासाठी साधारण भाव धरले आहेत, तुमच्या दुकानाचे घालून पाहा. खुराक ६० दिवसांत सुमारे १११ किलो, ३२ रुपयांनी ३,५५२ रुपये. पेंढा ३०० किलो, ६ रुपयांनी १,८००. हिरवा चारा ९०० किलो, ३ रुपयांनी २,७००. खनिज मिश्रण पहिल्या ३९ दिवसांसाठी २ किलो, ३०० रुपये. शेवटच्या तीन आठवड्यांसाठी विण्याआधीचं खास क्षार मिश्रण, ४०० रुपये. चार ट्यूब ६०० रुपये, जंताचं औषध १००, व्याल्यावर द्यायच्या कॅल्शियम जेलच्या दोन बाटल्या ५००. एकूण ९,९५२ रुपये. पेंढा आणि गवत घरचं असेल तर रोख ५,४५२ रुपये लागतात. डॉक्टरांची फी आणि टेम्पोभाडं यात नाही.

पैसे कुठे जातात?

पशुखाद्यावर जीएसटी शून्य आहे, बिलावर लावलेला दिसला तर विचारा. गोणीवर आयएसआय चिन्ह आणि प्रथिनांचं प्रमाण पाहा, २० टक्क्यांहून कमी असेल तर स्वस्त गोणी महाग पडते. गोणीचं वजनही करून घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विण्याआधी पाजलेल्या कॅल्शियमच्या बाटल्या. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम जास्त गेलं की हाडांतलं कॅल्शियम काढून घ्यायची शरीराची सवय सुटते. गाय व्याली की दुधाला कॅल्शियम एकदम लागतं, ते मिळत नाही आणि गाय खाली बसते. यालाच दुग्धज्वर म्हणतात. ती बाटली व्याल्यावर द्या. शेणपाण्यावर वाढलेलं नेपियरही या काळात कमी करा, त्यातल्या पोटॅशियमने हाच धोका वाढतो. खास क्षार मिश्रण जास्त दुधाच्या गाईलाच लागतं, तेही डॉक्टरांना विचारून. दूध आटवायचं म्हणून कुणी इंजेक्शन टोचत असेल, तर त्याला गोठ्यात घेऊ नका.

जंताचं औषधही विचारूनच द्या, सगळी औषधं गाभण गाईला चालत नाहीत. भातखाचरात चरणाऱ्या गाईला लिव्हर फ्लूकचा त्रास असू शकतो. शेण तपासलं तर नेमकं औषध कळतं.

कुठे जायचं, काय न्यायचं?

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आधी गाठा. गाय हलवता येत नसेल तर १९६२ या मोफत क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करा. शुल्क घेतलं तर पावती घ्या. चारा आणि बेण्याचा सल्ला रोह्याजवळच्या किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात मिळतो. सोबत आधार, बँक पासबुक, रेतनाची चिठ्ठी आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक ठेवा. १ जून २०२४ पासून राज्यात सरकारी पशुवैद्यकीय सेवेसाठी बिल्ला बंधनकारक आहे. लाळ-खुरकताची लस सरकारी मोहिमेत मोफत असते. घटसर्पाची पावसाआधी टोचून घ्या. पण गाय विण्याच्या जवळ आली असेल तर तारीख डॉक्टरांना ठरवू द्या.

विमा आटवतानाच काढा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या बदलानुसार शेतकऱ्याचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्के आहे. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ वाचा. बिल्ला पडला तर लगेच कंपनीला कळवून नवा घ्या, कारण बिल्ला नाही तर भरपाई नाही.

वेळ न घालवता फोन कधी करायचा?

पाणमोट फुटून दोन तास झाले आणि वासरू पुढे सरकत नाही. जार बारा तासांत पडली नाही. व्यालेली गाय मान पोटाकडे वळवून बसली आहे, कान थंड लागतात. या तिसऱ्या खुणेत तासांचा हिशेब असतो. शिरेतून कॅल्शियम फक्त डॉक्टरांनीच आणि सावकाश द्यायचं, घाईत दिलं तर हृदय थांबतं. वासराला पहिल्या तासाभरात दोन लिटर चीक पाजा.

हात आखडता असेल तर टॉनिकं आणि दूध वाढवणाऱ्या पुड्या सोडा. कोरडी जागा, गोडं पाणी आणि शेवटच्या तीन आठवड्यांचा खुराक यांत मात्र एक रुपयाही कमी करू नका.