मातृवंदनेचा दुसरा हप्ता आता कुठे मागायचा?

प्रश्न : सून पहिलटकरीण. आशाताईंनी फॉर्म भरला, मातृवंदना योजनेचे ३,००० रुपये आले. बाळ आता चार महिन्यांचं आहे. दुसऱ्या हप्त्यासाठी उपकेंद्रात गेले, तर "अंगणवाडीत जा" म्हणतात. आधीचा फॉर्म वाया गेला का?
– एक सासूबाई, नेर तालुका

उत्तर : नाही ताई, वाया गेला नाही. केंद्रात ही योजना पहिल्यापासून महिला व बालविकास मंत्रालयाचीच. आपल्या राज्यात मात्र ती आरोग्य विभाग चालवत होता. आता ती महिला व बालविकास विभागाकडे, म्हणजे अंगणवाड्यांच्याच विभागाकडे, आली आहे. सुनेची नोंद केंद्राच्या पोर्टलवर असते, त्यामुळे नव्याने नोंदणी करू नका. दुबार नोंदीने काम अडतं.

दुसऱ्या हप्त्याचे २,००० रुपये बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतात. लसीकरणाचं कार्ड उघडून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या रकान्यांत तारखा आहेत ना, ते पाहा. एक रकाना कोरा असेल तर आधी एएनएमताईंकडे जा, कारण लस अजूनही आरोग्य विभागच देतो. मग कार्ड, जन्मदाखला, आधार घेऊन अंगणवाडीत. तिथे अडलं तर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात.

पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. लग्नाआधीचं माहेरचं खातं जोडलेलं असेल तर रक्कम तिथेच पडलेली असू शकते, बँकेत विचारा.

बाळंतपणाची जननी सुरक्षा योजना वेगळी, ती आरोग्य विभागाकडेच आहे. बाळ-बाळंतिणीला घेऊन तुम्ही हेलपाटे घालावेत, हे मला पटत नाही. उपकेंद्रातूनच अंगणवाडीला निरोप जायला हवा होता.