नृत्यासाठी शिवलेले नऊवारी लुगडे

पिंपरी-चाकण पट्ट्यात कारखान्यात पाळीने राबणाऱ्या पुष्कळ पालकांस भाड्याचा पोषाख परवडत नाही. पोषाखावाचून कोणतीही मुलगी स्नेहसंमेलनातील नृत्यास मुकू नये, म्हणून शिक्षकांनी जुन्या लुगड्यातून तो पुढीलप्रमाणे शिवून घ्यावा.

१. मुलीस उकिडवी बसवून पुढील कमरेपासून आसनाखालून मागील कमरेपर्यंत माप घ्यावे. उभ्याने घेतलेले माप नाचताना अपुरे पडते व शिवण उसवते.

२. जुना कागदी नमुना आखूड पडल्यास तो कंबर व आसन यांच्यामध्ये आडवा कापून तेथे पट्टी जोडावी; आसनाचा आकार बिघडत नाही.

३. बाजूंस ३ सेंटिमीटर माया राखावी. नेफ्यात नाडी घालावी.

४. धावदोरा घालून मुलीस नाचवून पाहावे, मगच यंत्रावर टीप मारावी.

राखलेली माया पुढील वर्षी थोराड मुलीच्या उपयोगी पडते.