चाकांवरची खोली कितीला पडते?

वैजापूर-गंगापूरच्या शिवारात नांदूर-मधमेश्वरच्या जलद कालव्याने जे पाणी येतं, ते इगतपुरीकडच्या मुकणे, भावली, भाम आणि वाकी या धरणांतलं. आवर्तन कधी सुटणार यावर आयुष्यभर वाद घातलेल्या माणसाला निवृत्तीनंतर त्या धरणांभोवतीचा डोंगर एकदा निवांत बघावासा वाटला, तर त्यात नवल नाही. समृद्धी महामार्गाने तो मुलूख दोन तासांवर आणूनही ठेवला आहे. जायचं कशाने, एवढंच ठरवायचं असतं. नेमकी त्याच वेळी पुण्यातली लेक मोबाईलवर कॅराव्हॅनचा व्हिडिओ पाठवते. गाडीतच पलंग, ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम. ‘पप्पा, तुम्ही दोघं असंच फिरा.’ खर्चाचा आकडा व्हिडिओत नसतो, म्हणून तो इथे मांडतो.

पाच दिवस आणि चार रात्रींची, त्याच डोंगरांतल्या भंडारदऱ्याची फेरी हिशेबाला घेऊ. जांबरगावला समृद्धीवर चढायचं, भरवीरला उतरायचं, घोटीवरून बारीमार्गे शेंडी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. १,६४६ मीटर उंचीचं ते शिखर चढायची गरज नाही, खालून बघितलं तरी मान दुखते. शेंडीला प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन (भंडारदरा) धरण, पलीकडे रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, वाटेत रंधा धबधबा. परतताना राजूर, अकोले, संगमनेर, कोपरगाव आणि घर. इकडचं तिकडचं फिरणं धरून साडेचारशे किलोमीटर होतात. पुढचे खोलीचे, भाड्याचे, इंधनाचे दर मी हिशेबापुरते धरलेले आहेत. तुम्हाला मिळालेले भाव त्या जागी टाका, गणिताची रीत तीच राहील.

आधी घरची गाडी. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ३० लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी ३,१५० रुपये. समृद्धीवर १ एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे. जांबरगाव ते भरवीर सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. पार्किंग वगैरे मिळून ६०० रुपये ठेवा. खोली रात्रीला ३,००० प्रमाणे १२,०००. दोघांचा चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण दिवसाला १,२०० धरून ६,०००. अभयारण्याचा प्रवेश, होडी, किरकोळ खर्च १,५००. एकूण २३,२५० रुपये.

आता कॅराव्हॅन. वैजापुरात ती भाड्याने मिळत नाही, पुण्या-मुंबईकडूनच आणावी लागते. चालकासह दिवसाला १२,००० रुपये भाडं धरू. पाच दिवसांचे ६०,०००. पुण्याहून गाडी तुमच्या दारात येणार आणि परत जाणार, म्हणजे आणखी साडेचारशे किलोमीटर डिझेल तुमच्याच खिशातून. ९०० किलोमीटरना, लिटरला नऊच्या हिशेबाने, १०० लिटर आणि ९१ रुपयांनी ९,१००. टोल व पार्किंग १,५००. रात्री वीज-पाण्यासह गाडी उभी करायला एखाद्या रिसॉर्टच्या आवारात रोज १,००० प्रमाणे ४,०००. किराणा, भाजी आणि एखादं बाहेरचं जेवण ४,०००. चालकाचा भत्ता, जेवण आणि झोपण्याची सोय रोज १,००० म्हणजे ५,०००. किरकोळ १,५०० तेच. बेरीज ८५,१०० रुपये.

तिसरा मार्ग एसटीचा. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, आणि बाईमाणसाला वय काहीही असो, मार्च २०२३ पासून निम्मंच. दोघांचं जाणं-येणं साडेसहाशेच्या आत बसावं. शेंडीला पोचल्यावर धरणाभोवती फिरायला एक दिवस जीप, २,५०० रुपये. खोली, जेवण, किरकोळ वरच्याइतकंच. बेरीज २२,६४० येते. घरच्या गाडीपेक्षा सहाशे रुपये कमी! तिकीट जवळजवळ फुकट असूनही वाचतं एवढंच, कारण या सहलीत पैसा रस्त्यावर जातच नाही. तो खोलीत आणि ताटात जातो.

हे एकदा ध्यानात आलं की कॅराव्हॅनचा हिशेब सरळ होतो. ‘हॉटेलचा खर्च वाचतो’ हे जाहिरातीतलं वाक्य आपल्याकडे खरं ठरत नाही. तीन हजारांची खोली सोडून तुम्ही बारा हजारांची खोली घेता, आणि वर ती ओढून न्यायचं डिझेल भरता. मग ६२ हजार रुपये जास्त मोजून मिळतं काय? तीन गोष्टी. बॅग एकदाच उघडायची. पथ्याचं स्वतःच्या हातचं खायचं. आणि संडास कायम चार पावलांवर. तिसरी गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. गुडघे धरलेली बाई, मधुमेहाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेला गडी, हे लोक प्रवासच सोडून देतात तो वाटेतल्या स्वच्छतागृहांच्या भीतीने. त्या घरात हे ६२ हजार चैनीचे म्हणता येणार नाहीत. धडधाकट जोडप्याने मात्र एवढे पैसे दिले तर ते हौसेचे समजून द्यावेत, काटकसर म्हणून नव्हे. हौसेलाही माझी हरकत नाही.

भाडं कमी करायची एक युक्ती आहे. गाडी वैजापूरला बोलवायचीच नाही. रोटेगावला रेल्वेत बसा किंवा एसटीने नाशिक गाठा आणि मुंबईकडची गाडी नाशिकला घ्या. रिकाम्या फेऱ्यांचं बरंच डिझेल वाचतं. आणि मुख्य म्हणजे गाडी यायच्या-जायच्या वेळेचं भाडं लावून पाच दिवसांचं बिल सहा दिवसांचं होत नाही. पाचऐवजी तीन दिवसांची फेरी केली तर निम्म्याहून थोड्या जास्त पैशांत हौस फिटते. एका रात्रीत कळतं की तो पलंग आपल्या पाठीला मानवतो की नाही.

ठरवण्याआधी मालकाला फोनवर काय विचारायचं, ते लिहून घ्या. भाडं दिवसाचं की चोवीस तासांचं? रोजची किलोमीटरची मर्यादा किती, आणि पुढच्या किलोमीटरला काय दर? जीएसटी धरून की वेगळा? अनामत किती आणि परत किती दिवसांत? चालक रात्री कुठे झोपणार? हा प्रश्न लाजून कुणी विचारत नाही आणि मग पहिल्या रात्री घोळ होतो. एसी रात्रभर कशावर चालतो, बाहेरच्या विजेवर की जनरेटरवर? जनरेटर असेल तर त्याचं डिझेल कुणाचं? संडासाची टाकी किती दिवसांनी रिकामी करावी लागते, कुठे, आणि ते काम कोण करतं? आपल्याकडे त्यासाठी ठरलेल्या जागा रस्तोरस्ती नाहीत. ‘बघू तिकडे’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. धरणाच्या काठी ती टाकी ओतली जाणं म्हणजे पाण्याशीच बेइमानी.

गाडी लहानात लहान मागा. दोघांना चार-सहा जणांची कॅराव्हॅन घेऊन रतनवाडीच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की मागे घेत बसावं लागतं. मिनीबसच्या आकाराची गाडी समृद्धीवर टोलही जास्त देते, किलोमीटरला ३ रुपये ३२ पैसे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा, नसता टोल दुप्पट लागतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून निघालेला वार्षिक पास समृद्धीवर चालत नाही, तो फक्त या फेरीसाठी काढू नका.

रात्री कुठे उभं राहायचं, याबद्दल व्हिडिओंनी फार गैरसमज करून ठेवला आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं. म्हणून तळ्याकाठी वाटेल तिथे गाडी लावून शेकोटी करायची मुभा मिळाली, असं नाही. भंडारदरा परिसरातला मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम चालतात. एमटीडीसीच्या किंवा खासगी रिसॉर्टच्या आवारात, नाहीतर गावातल्या कुणाच्या अंगणात रीतसर पैसे देऊन थांबा. गावातल्या अंगणात भाकरी-पिठलंही मिळतं.

स्वयंपाकाला घरचं मोठं सिलिंडर उचलून नेऊ नका. पाच किलोचं छोटं मिळतं. स्वयंपाक दार-खिडक्या उघड्या ठेवून करा, आणि झोपताना थंडी घालवायला गाडीत शेगडी अजिबात पेटवू नका. बंद जागेत साचणारा विषारी वायू नाकाला कळतच नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो.

आता दोन मोह. पहिला, विकत घेण्याचा. तयार गाडी २५ लाखांना पडली असं धरू. तेवढी ठेव बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला १,६२,५०० रुपये व्याज येतं. म्हणजे दरवर्षी जवळजवळ दोन पाच-दिवसांच्या सहली नुसत्या व्याजात, मुद्दल शाबूत. विमा, टायर, आणि अंगणात उभ्या-उभ्या उतरत जाणारी किंमत यात धरलेलीच नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात असताना हा हिशेब कुणी समोर मांडत नाही.

दुसरा मोह स्वस्तातला. जुनी व्हॅन घेऊन गावातल्या वेल्डरकडून पलंग, टाकी, छत वाढवून घेणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. पुढे अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बोट दाखवेल. मागची सीट आडवी करून वर गादी टाकणं वेगळं आणि गाडीचा सांगाडा कापणं वेगळं.

स्वतः चालवणार असाल तर परवान्याची तारीख बघा. ५५ नंतर तो पाच-पाच वर्षांनीच वाढतो आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. साठीच्या पुढच्या माणसाला कॅराव्हॅन चालवायला देतात का, हेही आधी विचारा, बऱ्याचदा चालक घ्यावाच लागतो. समृद्धीवर चालक असलेला बरा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर दगा देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये जांबरगावजवळ मध्यरात्री टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळून बारा जण गेले, ते वैजापूरकरांना सांगायला नको. उजाडल्यावर निघा, अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड सोबत ठेवावं. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात आहे, पण ती यादीतल्या दवाखान्यांतच, तेव्हा वाटेतलं नाशिक-संगमनेरचं नाव आधी शोधून ठेवा.

कधी जायचं? निवृत्त माणसाकडे नोकरदाराकडे नसलेली एक गोष्ट असते, मंगळवार. पावसाळ्यातले आणि काजव्यांच्या दिवसांतले शनिवार-रविवार भंडारदऱ्याला वाहनांच्या रांगेत जातात. मधल्या वारी खोलीचा आणि गाडीचाही भाव पाडून मागता येतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत आहे का, हे आपण होऊन कुणी सांगत नाही, विचारायचं. दसऱ्यानंतर, रब्बीची पेरणी आटोपली की, धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात आणि रस्ते कोरडे झालेले असतात.

आणि कॅराव्हॅननेच थेट मनाली गाठायची म्हटली तर? वैजापूरहून सोळाशे-सतराशे किलोमीटर. कॅराव्हॅनने जायला तीन दिवस, यायला तीन. त्या सहा दिवसांचं नुसतं भाडं ७२,०००, डिझेल ३३,००० च्या पुढे. लाखभर रुपये मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणाच्या हमरस्त्यांवर ओतल्यावर पहिला बर्फाचा डोंगर दिसतो. त्यापेक्षा रेल्वेने चंदीगड गाठा आणि गाडी तिथूनच, घाटातल्या चालकासह घ्या. अटल बोगदा तीन हजार मीटरच्या वर आहे, तेव्हा हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिकीट रद्द केल्यावर सगळे पैसे परत मिळत नाहीत.