पाबळला राहायला जायचंय? आधी टँकरचा भाव विचारा

नोकरीतून सुटलो की गावाकडे जाऊ, मोकळ्या हवेत राहू, चार झाडं लावू, हा बेत पुण्यातल्या बऱ्याच घरांत शिजत असतो. मावळ-मुळशीचे भाव हाताबाहेर गेलेत, शिवाय तिकडे पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. मग नजर पूर्वेला, शिरूर-दौंडकडे वळते आणि पाबळचं नाव निघतं. पुण्यापासून साठेक किलोमीटर, कोरडी हवा, माळरान, मस्तानीची समाधी, जैन तीर्थ, विज्ञान आश्रम. हवा खरोखरच चांगली आहे. पण हा भाग पर्जन्यछायेत आहे म्हणून ती कोरडी आहे. खर्चाचा सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८३ मध्ये पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम हा शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. त्यांना मुद्दाम असंच अवर्षणग्रस्त, चारचौघांसारखं खेडं हवं होतं. आपल्याला शिक्षणाचा प्रयोग करायचा नाही, त्यामुळे आपल्यासाठी तीच गोष्ट खर्चाच्या बाजूला जाते.

चार माणसांना माणशी रोज १०० लिटर पाणी धरलं तर महिन्याला १२ हजार लिटर लागतात. दहा हजार लिटरच्या टँकरला उन्हाळ्यात दोन ते तीन हजार रुपये धरून चला. अंतर वाढलं की भावही वाढतो. म्हणजे घरखर्चाचं पाणी महिना अडीच-साडेतीन हजारांत भागतं. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावरून पावसाळ्यात, गळती-बाष्पीभवन वजा जाता, सुमारे ३७ हजार लिटर पाणी मिळू शकतं. तेवढ्यात घराचे मार्च ते मे हे तीन महिने बरोबर निघतात. तेवढी फेरोसिमेंटची टाकी बांधायला दीड-दोन लाखांची तयारी ठेवा. बोअरवर विसंबण्यापेक्षा मला हा खर्च शहाणपणाचा वाटतो.

खिसा रिकामा होतो तो बागेत. आंब्याच्या शंभर रोपांना ठिबकने रोज वीस-वीस लिटर दिलं तरी महिन्याला ६० हजार लिटर होतात, म्हणजे सहा टँकर, बारा ते अठरा हजार रुपये. वर ही रोपं तीन-चार वर्षं एक आंबा देणार नाहीत. घर परवडतं, बाग परवडत नाही. शेवगा, बोर, सीताफळ, दारापुढे दोन कडुनिंब इतक्यावर समाधान असेल तरच पुढचं वाचा.

बोअरचं म्हणाल तर २०० फुटांच्या खोदाईला, केसिंग, मोटर, पाइप, केबल धरून पाऊण ते एक लाख जातात आणि पाणी लागेलच असं नाही. नारळ-काठीवाल्याला पैसे देण्याआधी जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घेणारा माणूस गाठा. विज्ञान आश्रमाने हे तंत्र पूर्वीच पोरांच्या हाती दिलं होतं. २०० फुटांखाली जायचं तर भूजल कायदा आडवा येतो, हेही विक्रेता सहसा सांगत नाही.

आता जमीन. तुम्ही शेतकरी नसाल, म्हणजे तुमच्या नावावर किंवा घरात कुठे सातबारा नसेल, तर कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. ‘दोन गुंठ्यांचा फार्महाउस प्लॉट, सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो’ म्हणणाऱ्याचा चहा प्यावा आणि उठावं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. अख्ख्या व्यवहारातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा कागद. त्यात भूधारणा पद्धती आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा: वर्ग २, नवीन शर्त, पुनर्वसनाचा शेरा, बँकेचा बोजा. जुने फेरफार काढा. मोजणी विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नका. दोन हेक्टरपर्यंत साध्या मोजणीची सरकारी फी २ हजार, द्रुतगतीची ८ हजार आहे. दस्त नोंदणीला १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. आणि रस्ता? बैलगाडी जाते म्हणजे रस्ता आहे असं नाही. वहिवाट कागदावर नसेल तर पुढे तहसीलदारांकडे खेटे घालावे लागतात.

वीज विचारताना एकच प्रश्न विचारा: लाइन गावठाण फीडरची की शेतीची? शेतीच्या फीडरवर थ्री-फेज दिवसातले ठरावीक तासच येते, तेही कधी दिवसा, कधी रात्री. घरगुती मीटर असेल तर छतावरच्या ३ किलोवॉट सौर संचाला केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष जमीन घेऊच नये. गावठाणात किंवा जवळच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने घ्या. तीन ते सहा हजारांत मिळाव्यात. फेब्रुवारीत या आणि जूनपर्यंत राहा. मेमधल्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तुम्ही घरात काय करता, रात्री छातीत दुखलं तर शिक्रापूर किंवा राजगुरुनगर किती वेळात गाठता, चाकणच्या कोंडीत कितीदा अडकता, हे सगळं त्यात कळतं. शेजाऱ्यांना मामा-मावशी म्हणायची सवय झाली की कोणाची विहीर कधी आटते तेही आपोआप कानावर येतं. ती माहिती एजंटकडे नसते.

उन्हाळ्यात हिरवंच हवं असेल तर दौंड तालुका पाहा. केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, पुणे-दौंड लोहमार्ग आहे, त्यामुळे गाडी न चालवणाऱ्या वयस्करांची सोय होते. भाव अर्थातच चढे. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचाही विचार करावा लागतो. शिरूरच्या पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलीचा जीव गेला. संध्याकाळनंतर अंगणात लहान मूल एकटं सोडायचं नाही, घराला कुंपण आणि बाहेर दिवा हवा, म्हणजे आणखी लाखभर बाजूला काढा. शिवाय वर्षानुवर्षं पाणी पाजलेल्या रानात विहिरीचं पाणी अनेकदा खारवट निघतं. विसार देण्याआधी बाटलीभर पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.