चोरबीटीची पिशवी घेण्याआधी

मैत्रिणींनो, मृग जवळ आला की कापसाच्या पट्ट्यात एक बियाणं गुपचूप फिरायला लागतं. "तणनाशक मारा, तण जळेल, कापूस तसाच राहील," असं सांगून विकतात. हीच चोरबीटी. खुरपणीचा खर्च कोणाला परवडतो? मोह होणारच. पण तिला चोर का म्हणतात ते समजून घ्या.

बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचा गुण कापसात घातलेला. बोंड खाणारी अळी त्याने मरते. असं बियाणं विकायचं तर आधी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयातल्या 'जीईएसी' समितीची मंजुरी लागते. पराग शेजारच्या पिकात जातो का, मातीवर काय परिणाम होतो, हे तपासतात. अगदी गाई-म्हशींना सरकी खाऊ घालूनही बघतात. आपल्या शेजारच्या जालन्याच्या महिकोचं बीटी २००२ साली यातून पार पडलं, २००६ ला बीजी-२ आलं. चोरबीटीला ही मंजुरीच नाही.

मंजुरी मिळाली म्हणजे काळजी संपली असंही नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने बीजी-२ लाही दाद दिली नाही. पूर्वी पिशवीसोबत साध्या, बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची, आठवते? ती बांधाकडेने लावायची होती. त्यावर साध्या अळ्या जगल्या की बीटी पचवणाऱ्या अळ्यांची पैदास लवकर वाढत नाही. बहुतेकांनी ती फेकून दिली. सांगणाऱ्यांनीही नीट सांगितलं नव्हतं म्हणा.

त्या वर्षी पक्कं बिल असलेल्यांना 'जी' नमुन्यात तक्रार तरी करता आली. चोरबीटीला बिलच नसतं. उगवलं नाही तर दाद कोणाकडे मागणार?

आणखी एक. कापसातली तूर, मूग त्या तणनाशकाने जळतात. आपण खुरपताना ओट्यात घालून आणतो तो तांदुळजा, घोळ, पाथरीही जातात. शेजारी फवारलं असेल तर त्या बांधाची भाजी तोडू नका.

बियाणं घेताना बिलावर वाण, लॉट नंबर आणि किंमत लिहून घ्या. पिशवी, लेबल, मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपा. दुकानदार बिलाला टाळाटाळ करत असेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना कळवा. गटाने एकत्र खरेदी केली, तरी बिल मात्र जिच्या शेतात बी पडणार तिच्याच नावाचं घ्या.